टाऊन हॉलचं दार

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात लिहिण्याचा संबंध वडिलांच्या सहीपुरता. आई अजून अंगठाच लावते. कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला, त्यामुळे मी चार ओळी लिहिल्या तरी घरात त्याचं फार कौतुक होतं. मला एका इमारतीबद्दल आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या एका वाक्याबद्दल सांगायचं आहे. ते सांगण्याचा हक्क खरं तर त्यांचा. पण त्या लिहिणार नाहीत आणि माझ्यानं गप्प बसवत नाही. त्यांचं बोलणं मी याआधी एकदा लिहून घेतलं होतं, आणि ते चुकलं होतं. म्हणून यावेळी भीत भीत लिहितो आहे.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, तालुक्याचं, गिरणेच्या काठचं. नाव सांगत नाही. कुणाला वाईट वाटायला नको. गावाच्या मध्यावर इंग्रजांच्या काळातला टाऊन हॉल आहे. काळा दगड, उंच कौलारू छप्पर, समोर तीन कमानींचा व्हरांडा आणि त्याला लांबलचक दगडी ओटा. गावात कुणी टाऊन हॉल म्हणत नाही, सगळे 'टाऊनाल' म्हणतात. मी शाळेत असल्यापासून तो बंदच. आत नगरपालिकेचं भंगार होतं: फुटके पथदिवे, डासांचं औषध फवारायचं मशीन, पाय मोडलेल्या खुर्च्या. खिडक्यांतून कबुतरं आणि मागच्या दारातून डुकरं आत-बाहेर करायची. बाहेरच्या ओट्यावर मात्र दिवसभर कुणी ना कुणी असायचं. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरच्या बाया गाठोडी सोडून तिथे भाकरी खायच्या, दुपारी म्हातारे पत्ते खेळायचे, शेळ्या सावलीला बसायच्या.

मी जळगावला शिकत होतो. पिंप्राळ्यात तिघांत एक खोली घेतली होती. शेवटच्या वर्षाला मॅडमनी प्रकल्प दिला: आपापल्या भागातली एखादी जुनी सार्वजनिक इमारत घ्या, लोकांना विचारा, तिचा आता काय उपयोग करता येईल ते मांडा. बाकीच्यांनी जळगावातल्याच इमारती निवडल्या. मी हात वर करून आमच्या टाऊन हॉलचं नाव सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, "वा, फार छान." मला मॅडम त्याआधी कधी छान म्हणाल्या नव्हत्या.

योग असा की त्याच सुमारास नगरपालिकेला त्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी निधी आला होता. मुख्याधिकारी साहेब बाहेरगावचे, साताऱ्याकडचे, उत्साही होते. ते म्हणाले, तुम्ही लोकांची सभा घ्या, सूचना गोळा करा, प्रस्ताव लिहा. आम्ही तोच पुढे करू. सभेसाठी मी कॉलेजातला पांढरा बोर्ड मागून घेतला आणि एसटीनं गावी नेला. कंडक्टरनं बोर्डाकडे पाहून विचारलं, "याचं हाफ काढायचं का फुल?" गाडीतले सगळे हसले. मीही हसलो. आपण काहीतरी महत्त्वाचं घेऊन चाललो आहोत असं वाटत होतं.

सभा हॉलसमोरच्या अंगणात झाली. लोक बरे जमले. मी बोर्डापाशी, हातात मार्कर, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. लोक अहिराणीत बोलायचे, मी ते ऐकून शुद्ध मराठीत बोर्डावर लिहायचो. 'शे'चं 'आहे' करायचं, 'बठ्ठा'चं 'सर्व' करायचं. मॅडमना आणि साहेबांना कळावं म्हणून. खरं सांगायचं तर मला ते जमतं याचा थोडा तोरा होता.

मुलांनी अभ्यासिका मागितली. बचत गटाच्या बायांनी पापड-बिबडे वाळवायला आणि विकायला जागा मागितली. मग शेठ उठले. त्यांचं घर कितीतरी पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, कापडाचं मोठं दुकान, आणि हॉल बांधायला देणगी त्यांच्याच पणजोबांची. ते म्हणाले, "इथे साखरपुडे होऊ द्या, बारशी होऊ द्या, साड्यांचे सेल लागू द्या. पण आधी दारं-खिडक्या करा. आमच्या पणजोबांनी पैसे माणसांसाठी दिले होते, डुकरांसाठी नाही."

खूप हशा झाला. त्यानंतर दारं-खिडक्यांवरच चर्चा लांबली: सागवानी करा, नको लोखंडी करा, मागचं दार बुजवूनच टाका.

त्या गडबडीत अक्का उठल्या. हॉलमागच्या आमच्याच गल्लीत त्या राहतात. त्यांचे यजमान, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, जन्मभर सायकलवर दूध घालत आले. आता त्यांना दम्यानं पार बसवलं होतं. मुलगा नाही, मुलगी पिंपळनेरला दिलेली. अक्कांनी माइक घेतला नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मनं येवढंच म्हननं शे. आमले दारले जागा पाह्यजे. गल्लीमा दारले जागाच नही ऱ्हायनी."

मागून कुणीतरी ओरडलं, "अक्का, दार तं तठे शेच! फक्त कडी नही!"

पुन्हा हशा. अक्का मागे वळून म्हणाल्या, "हासा, हासा. तुमना घर बी ती येळ येईच."

मी माइकवर म्हणालो, "धन्यवाद अक्का. दारांची दुरुस्ती. चांगली सूचना." आणि बोर्डावर लिहिलं: 'दारे – दुरुस्ती व नवीन बसविणे.' अक्का थोडा वेळ बोर्डाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. मग खाली बसल्या.

प्रस्ताव मी मन लावून लिहिला. अभ्यासिका, बचत गटाचं विक्री केंद्र, छोटे घरगुती समारंभ. सर्वांत आधी दारं, कारण 'समाजातील सर्व घटकांनी, विशेषतः ज्येष्ठ महिलांनी' ती मागणी केली होती. हे वाक्य माझंच. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. पेपरच्या तालुका पानावर बोर्डाशेजारी उभा असलेला माझा फोटो आला. वडील केळीच्या गाड्या भरायला जातात. त्यांनी ते कात्रण घडी करून खिशात ठेवलं आणि तिथल्या हमालांना दाखवलं. ते वडिलांना 'साहेबना बाप' म्हणून चिडवू लागले. वडील वरवर रागवायचे, पण कात्रण खिशातून काढत नसत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत घरी आलो तर काम झालेलं होतं. निधीचा पहिला हप्ता दारांवरच खर्च झाला होता, कारण तेच पटकन होणारं होतं. व्हरांड्याच्या मधल्या कमानीला करड्या रंगाचं पत्र्याचं भक्कम दार, बाजूच्या दोन्ही कमानींना जाळ्या, दाराला कुलूप, चावी नगरपालिकेत. भिंतीवर नव्या रंगात लिहिलेलं: 'विनापरवानगी प्रवेश बंद.' ओटा जाळीच्या आत गेला होता. शेळ्या नव्हत्या, पत्ते नव्हते. मला ते स्वच्छ वाटलं. मॅडमना पाठवायला मी फोटो काढू लागलो.

तेवढ्यात गिरणीवरून पिठाचा डबा घेऊन अक्का आल्या. मी डबा हातातून घेतला आणि आपल्याच भाषेत म्हणालो, "दिखनं का अक्का? तुम्ही सांगं व्हतं, करी दिधं."

"दिखनं रे भाऊ," त्या म्हणाल्या. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी दार मांगं व्हतं. तू दार लाई दिधं."

त्या हसत होत्या. मला काही कळलं नाही.

"आबानी ह्या गावमातलं येक बी दार सोडं नही," त्या म्हणाल्या. "दूध टाकीसन घर येवाना पहिले तठे जाईसन बठे. कोनं बी ऱ्हावो. आते त्याना दम काय भरोसाना शे? उद्या बठ्ठा गाव येई. मी बठाडू कोठे? जिनावर?"

तेव्हा कळलं. आणि कळल्यावर डबा हातात तसाच राहिला.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खानदेशात माणूस गेला की पुढचे दिवस नातेवाईक, ओळखीचे, आजूबाजूच्या गावांतले लोक त्या घरी येऊन बसतात. दारासमोर सतरंजी टाकलेली असते. कुणी फार बोलत नाही. थोडा वेळ बसायचं, घरच्या माणसाला दिसायचं, उठायचं. त्याला आम्ही दारवर जाणं म्हणतो. नुसतं 'दार' म्हटलं तरी कळतं. शहरात मोबाइलवर निधनाचा निरोप येतो त्यात त्याला 'द्वारदर्शन' असं भारदस्त नाव असतं. आमच्या गल्लीत पूर्वी प्रत्येक घराला ओटा होता. आता घरं पुढे आली, ओटे आत गेले, राहिलेल्या जागेत मोटरसायकली. अक्का-आबांची तर माडीवरची पत्र्याची एक खोली, वर जायला लोखंडी जिना, खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तिथे सतरंजी टाकायची कुठे? त्यांनी मरणासाठी जागा मागितली होती, भर सभेत, सगळ्यांच्या हशात. आणि जी जागा आजवर निदान उघडी होती, तिला मी त्यांच्याच नावानं कुलूप लावून दिलं होतं.

"मग अक्का, त्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी चुकीचं लिहितोय म्हणून?"

"तू माइकवर बोलना. मी म्हनं, शिकेल पोऱ्या शे, बराबर लिखं व्हई."

मला हा शब्द माहीत नव्हता असं नाही. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी दारवर गेलो आहे. पण त्या दिवशी बोर्डापाशी मी प्रत्येक शब्द पकडून तो शुद्ध करत होतो. बाकीच्या शब्दांना थांबून विचार करावा लागला. 'दार' तेवढं दोन्हीकडे सारखंच दिसलं. त्यात बदलण्यासारखं काही नाही असं वाटलं, म्हणून मी तिथे थांबलोच नाही.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते आधी खूप हसले. "दार म्हने दार!" म्हणत ठसका लागेपर्यंत हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

"आते काय करशी?"

"मॅडमना फोन करून विचारतो."

"मॅडमले काय इचारस? मॅडमना आबा शे का तो?" ते म्हणाले. "सकाय मन्हासंगे चाल."

सकाळी आम्ही नगरपालिकेत गेलो. वडील गाडी भरून तसेच आले होते. केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला शर्ट. ते डाग धुऊन जात नाहीत हे मला माहीत आहे, तरी साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना मी त्यांच्या अर्धं पाऊल पुढे झालो. त्यांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत.

शेठ आधीच बसलेले होते. त्यांना हॉल साड्यांच्या सेलसाठी ठरवायचा होता. साहेब मला बघून खूश झाले. "या, या. दार पाहिलंत?"

"साहेब, ते दार... ते दार नको होतं."

"अहो, तुमच्याच प्रस्तावात पहिलं आहे ते."

"हो. पण ते वेगळं दार. म्हणजे द्वारदर्शन..." पुढचं मला सुचेना. सभेत माइकवर घडाघडा बोलणारा मी, आणि एका शब्दाचा अर्थ सांगता येईना.

वडिलांनी सांगितलं. अहिराणीत, साहेबांना कळेल अशा बेतानं, सावकाश. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. पण शेठ मान हलवू लागले. "भाऊ, तुझं म्हणणं मला समजतंय. पण दार हे घराचं असतं. टाऊनालात एकदा दार झालं की तिथे साखरपुडा कोण करेल? बारसं कोण करेल? मी नाही म्हणत, लोक म्हणतील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या आईनंही तेच म्हटलं असतं.

वडील म्हणाले, "शेठ, तुमना घर दूध कोन टाके?"

"आबाच की. आमच्या वडिलांच्या वेळेपासून."

"तुमना वडील गयात तवय दारवर कोन बठेल व्हतं?"

शेठ हळूच म्हणाले, "ते वेगळं."

साहेबांनी अर्ज द्यायला सांगितला. बैठकीत ठेवतो म्हणाले. अर्ज मी लिहिला आणि देण्याआधी अक्कांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "मन्हा नाव काढी टाक. आबाले कळाले नको." आबा वर, पत्र्याच्या खोलीत, उशाला टेकून बसलेले होते. मला पाहून त्यांनी हात वर केला. त्यांना वाटत होतं मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला आलो आहे.

पुढे मी एम.ए.ला धुळ्याला आलो. देवपूरला एका घरात वरची खोली मिळाली. तिथे काही दिवसांतच घरमालकांचे भाऊ वारले. मी भाडेकरू, पण खाली जाऊन बसणं भाग होतं. माझ्या आयुष्यातलं, वडिलांशिवाय केलेलं ते पहिलं दार. फाटकाबाहेर रस्त्यावरच सतरंजी टाकली होती. पलीकडे रांगेनं स्कूटी, मधून रिक्षा जायची, तेव्हा बसलेल्यांना पाय आखडून घ्यावे लागायचे. साक्रीकडून गाडी भरून माणसं आली. त्यांना बसायला जागाच नव्हती. ती चपला घालून कडेला उभी राहिली आणि उभ्याउभ्याच परत गेली. गेलेल्याचा मुलगा फाटकाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होता, आणि प्रत्येकाला तेच सांगत होता, "माफ करा, जागा नाही." बाप गेला म्हणून तो रडत नव्हता. त्याला तेवढी सवडच नव्हती. मला डोळ्यांसमोर अक्का त्यांच्या जिन्याशी हात जोडून उभ्या दिसल्या, आणि मी खाली मान घालून बसलो.

दर रविवारी वडिलांना फोन करायचो. अर्जाचं काय झालं?

"बैठकमा शे."

पुढच्या रविवारी पुन्हा. "शेठ काय म्हणतात?"

"काही नही म्हनतस. सेल लायेल शे."

आणि आबा?

"शेतस तसा शेतस."

कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी आधी अर्जाचं विचारतो आणि मग आबांचं. ठरवलं की क्रम बदलायचा. फोन लागला की तोंडातून पहिलं अर्जाचंच निघायचं. अर्ज मंजूर झाला असता तर माझी चूक पुसली गेली असती. आबा त्या अर्जामागे कुठेतरी होते. आणि तो अर्ज लवकर कामी यावा असं म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, हेही मला कळत होतं. म्हणून मी विचार तिथेच सोडून द्यायचो.

परवा दुपारी, रविवार नसताना, वडिलांचा फोन आला. मी लायब्ररीच्या बाहेर होतो.

"भाऊ, आबा गयात. काल दुपारना."

मी म्हणालो, "हॉल उघडला का?"

हेच म्हणालो. अक्का कशा आहेत, त्यांच्यापाशी कोण आहे, मुलगी पिंपळनेरहून आली का, यातलं काही नाही. तिकडे वडील गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात मला केबिनच्या दारातलं ते अर्धं पाऊल आठवलं. पायऱ्यांवर मुलं पुस्तकं घेऊन चालली होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

मग त्यांनीच सांगितलं. बैठकीत अजून काही ठरलं नव्हतं. सकाळपासून माणसं यायला लागली, भडगावकडून, थेट पिंपळनेरहून गाड्या भरून. गल्ली भरली, जिना भरला, मोबाइलच्या दुकानासमोर बाया उन्हात उभ्या राहिल्या. चावी ज्या बाबूकडे तो कामासाठी जळगावला गेलेला, त्याचा फोन लागेना. अक्का जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या आणि येईल त्याला हात जोडत होत्या. तेवढ्यात शेठ आले. दारवरच आले होते, पांढऱ्या कपड्यांत, पायीच. त्यांनी गल्लीत पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, तसेच परत फिरले आणि चौकातल्या वेल्डिंगवाल्याला बोलावून आणलं. साहेबांना त्यांनीच फोन केला. काय बोलले कुणाला ऐकू आलं नाही.

"मग कुलूप तोडलं?" मी विचारलं.

"कुलूप काब्र तोडतीन? दारच काढी ठेयं, भाऊ, बिजागरीसंगे. ओटावर सतरंजी टाकी. अक्काले मधमा बठाडं." मागे माणसांचा हलका आवाज ऐकू येत होता; ते तिथूनच बोलत होते. "दार आठेच भितले उभं करेल शे. लोके त्यालेच टेकीसन बठेल शेतस."